दप्तरातील वृक्ष

वसई तालुक्यात ज्याच्या नावावर जमिनीचा लहानसाही तुकडा आहे, त्याच्या घरी एक कागद फार जपून ठेवलेला असतो. अंगावरचे दागिने एखादे वेळी गहाण पडतात. पण हा कागद सहसा कोणी दुसऱ्याच्या हाती देत नाही. त्यास सातबारा म्हणतात. गावाच्या महसुली दप्तरात जे अनेक नमुने असतात, त्यांपैकी सातव्या नमुन्यात जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे हे लिहिलेले असते, आणि बाराव्या नमुन्यात त्या जमिनीत कोणते पीक घेतले याची नोंद असते. हे दोन्ही नमुने एकाच पत्रकावर येतात, म्हणून त्या पत्रकास सातबारा हे नाव पडले.

विरार, बोळिंज, आगाशी, अर्नाळा या बाजूची शेते आणि वाड्या पूर्वी भात, केळी व पानवेली यांसाठी ओळखल्या जात. पुढे लोहमार्गाच्या दोन्ही अंगांस इमारती उभ्या राहिल्या, २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची वस्ती १२ लाखांच्या वर गेली, आणि जमिनीचे मोल वाढले. मोलाबरोबर त्या एका कागदाचे महत्त्वही वाढले. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, असे न्यायालये वारंवार सांगत आली आहेत. तरी व्यवहारात पहिली विचारणा त्याचीच होते. त्यावरील नाव चुकले असेल तर कर्ज अडते, वाटणी अडते, आणि दोन भावांना कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

महाराष्ट्रात असे सातबारे सुमारे अडीच कोटी आहेत. त्या अडीच कोटींतून विरारच्या एका खातेदाराचा नेमका एक कागद हुडकून काढावयाचा, तोही क्षणार्धात, ही गोष्ट कशी साधते?

जुन्या काळी कागदपत्रे कापडात बांधून ठेवीत. पुण्याच्या पेशवे दप्तरात अशा गाठोड्यांना रुमाल म्हणत, आणि कोणत्या रुमालात काय आहे हे ज्या कारकुनास ठाऊक, त्याच्यावाचून कोणाचेच काम होत नसे. तलाठ्याच्या दप्तराचीही पुष्कळ वर्षे हीच स्थिती होती. तलाठी हुशार असला तर कागद लवकर सापडे; तो बदलून गेला की नव्या माणसास सगळे पहिल्यापासून शिकावे लागे. आता हे दप्तर संगणकात गेले आहे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्र शासनाने डिजिटल सही असलेला सातबारा घरबसल्या मिळण्याची सोय केली. परंतु कागद संगणकात कोंबल्याने तो आपोआप सापडू लागतो, असे समजणे मात्र भाबडेपणाचे आहे. अव्यवस्थित गाठोडे संगणकात घातले, तर ते तेथेही अव्यवस्थित गाठोडेच राहते. कागद सापडतो तो दोन गोष्टींमुळे : एक, माहितीची मांडणी, आणि दुसरी, नीट विचारलेला प्रश्न.

मांडणीचा विचार आधी करू. सातबारा मागणाऱ्याने शासनाचे संकेतस्थळ उघडले, की त्यास प्रथम महसुली विभाग निवडावा लागतो. महाराष्ट्रात असे सहा विभाग आहेत. त्यातून कोकण निवडला, की कोकणातील जिल्हे पुढे येतात. पालघर निवडला, की त्या जिल्ह्याचे आठ तालुके येतात. वसई निवडला, की त्यातील गावे येतात. विरार निवडल्यावर सर्व्हे नंबर विचारला जातो, आणि नंबराच्या पोटात हिस्सा नंबर असतो. राज्यापासून निघालेला मनुष्य सहासात पायऱ्या उतरून नेमक्या एका शेताच्या बांधावर येऊन उभा राहतो.

या रचनेस वृक्षरचना म्हणतात. जेथून सर्व फांद्या फुटतात ते मूळ, जेथे फांदी फुटते ती गाठ, आणि जिला पुढे फांदीच नाही ते पान. राज्य हे मूळ, तालुका ही गाठ, शेताचा हिस्सा हे पान. मात्र संगणकाच्या जगातील हे झाड उलटे असते. त्याचे मूळ वर आणि पाने खाली. वडाच्या पारंब्या ज्याने पाहिल्या आहेत, त्यास याचे फारसे नवल वाटू नये. एका गाठीच्या लगेच वर जी गाठ असते, तिला पालक म्हणतात. आणि वृक्षाचा पहिला नियम असा, की प्रत्येक गाठीस एक आणि एकच पालक असतो. विरार गाव एकाच वेळी वसई तालुक्यात आणि डहाणू तालुक्यात असू शकत नाही.

आता अडचण अशी, की ज्या यंत्रणेत ही माहिती साठवतात, तिला झाड समजत नाही. तिला समजतो तो तक्ता. आडव्या ओळी आणि उभे रकाने, एवढेच तिचे जग. या यंत्रणेस डेटाबेस म्हणतात. प्रारंभी असे नव्हते. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेने चंद्रावर माणूस पाठविण्याची सिद्धता चालविली, तेव्हा अग्निबाणाच्या असंख्य सुट्या भागांची यादी ठेवण्यासाठी आयबीएम कंपनीने जो डेटाबेस तयार केला, तो सरळसरळ झाडाच्या आकाराचाच होता. अग्निबाणात यंत्र, यंत्रात पंप, पंपात झडप. वरून खाली येण्यास तो उत्तम होता. पण ‘ही झडप कोणकोणत्या यंत्रांत वापरली आहे?’ असे खालून वर विचारले, की फार खटाटोप पडे. १९७० साली त्याच कंपनीतील एडगर कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध करून असे सुचविले, की सर्व माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि तिच्यातील नाती त्या त्या वेळी जुळवून घ्यावीत. आज बँका, रेल्वे, रुग्णालये आणि सरकारी कचेऱ्या यांतील बहुतेक डेटाबेस याच विचारावर उभे आहेत.

मग झाड तक्त्यात बसवावयाचे कसे? सर्वांत सोपा उपाय एखाद्या शाळेच्या हजेरीपटाइतका साधा आहे. प्रत्येक गाठीची एक ओळ लिहावी. तिला एक क्रमांक द्यावा, तिचे नाव लिहावे, आणि शेवटच्या रकान्यात फक्त तिच्या पालकाचा क्रमांक लिहावा. समजा, पालघर जिल्ह्याचा क्रमांक ३६ आहे, वसई तालुक्याचा १२०, आणि विरार गावाचा ४५००. तर विरारच्या ओळीत ‘पालक १२०’ एवढेच लिहावयाचे, आणि वसईच्या ओळीत ‘पालक ३६’. विरार कोणत्या जिल्ह्यात आहे हे विरारच्या ओळीत कोठेही लिहिलेले नसते. ते हवे असल्यास पालकाचा माग काढीत वर जावे.

या साधेपणाचे मोल २०१४ साली घडलेल्या एका घटनेवरून समजते. त्या वर्षीच्या १ ऑगस्टपर्यंत वसई तालुका ठाणे जिल्ह्यात होता. त्या दिवशी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला, आणि वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा व विक्रमगड हे आठ तालुके त्यात गेले. ज्या तक्त्यात प्रत्येक गावापुढे, प्रत्येक शेतापुढे ‘जिल्हा ठाणे’ असे शब्द लिहून ठेवले असतील, तेथे लक्षावधी ओळी खोडून पुन्हा लिहाव्या लागणार. त्यात एखादी ओळ राहून गेली, तर एकाच बांधाच्या अलीकडचे शेत पालघरमध्ये आणि पलीकडचे ठाण्यात, असा विचित्र प्रकार होतो. परंतु ज्या तक्त्यात केवळ पालकाचा क्रमांक लिहिला आहे, तेथे नव्या जिल्ह्याची एक ओळ भरावयाची आणि आठ तालुक्यांच्या ओळींतील पालक बदलावयाचा, म्हणजे काम संपले. विरारची, आगाशीची, अर्नाळ्याची ओळ कोणी हातही लावीत नाही, आणि तरी ती सर्व गावे आपल्या फांदीसह नव्या जिल्ह्यात येतात. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी, असा जो डेटाबेस रचणाऱ्यांचा दंडक आहे, त्याचे कारण हेच.

तथापि दुसरीही एक रीत आहे, आणि तिचे उत्तम उदाहरण प्रत्येक पत्रावर लिहिलेले असते. भारतात पुष्कळ गावे एकाच नावाची आहेत. शिवाय पत्ते अनेक लिप्यांत लिहिले जातात. त्यामुळे पत्रे भलतीकडे जात. हा घोटाळा टाळण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपाल खात्याने सहा अंकी पिनकोड सुरू केला. त्याची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. वेलणकर हे संस्कृतचे कवी होते. शब्दांची जुळणी करणाऱ्या माणसाने अंकांचीही इतकी नेटकी जुळणी करावी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. विरारचा एक पिनकोड ४०१३०३ असा आहे. त्यातील पहिला ४ हा देशाचा एक मोठा टपाल विभाग दाखवितो. ४० म्हटले की महाराष्ट्राचा पश्चिमेकडील भाग आणि गोवा यांपर्यंत येतो. ४०१ म्हटले की मुंबईच्या उत्तरेकडील प्रदेशात पत्र पोहोचते. आणि शेवटचे तीन अंक नेमके टपालघर दाखवितात. म्हणजे येथे मुळापासून पानापर्यंतचा सगळा मार्ग पानाच्या नावातच गुंफला आहे.

या रीतीचा लाभ असा, की माग काढीत बसावे लागत नाही. ‘४०१ ने सुरू होणारी सर्व टपालघरे दाखव’ एवढा एकच प्रश्न विचारला, की त्या फांदीवरील सर्व पाने समोर येतात. तोटा असा, की फांदी उचलून दुसरीकडे लावावयाची झाली तर तिच्यावरील प्रत्येक पानाचे नाव बदलावे लागते. पालघर जिल्हा झाला तेव्हा विरारकरांच्या पत्त्यातील जिल्ह्याचे नाव बदलले, पण पिनकोड पूर्वीचाच राहिला. कारण टपालाचा वृक्ष आणि महसुलाचा वृक्ष हे मुळातच वेगळे आहेत.

ही वेगळेपणाची गोष्ट नवशिक्याच्या ध्यानात येत नाही, आणि त्यातून पुढे बरीच गुंतागुंत होते. विरारचेच पाहा. महसुलाच्या दृष्टीने विरार हे वसई तालुक्यातील एक गाव. नगरकारभाराच्या दृष्टीने पूर्वी विरारची स्वतंत्र नगरपरिषद होती. २००९ साली विरार, नालासोपारा, वसई आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची काही गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. टपालाच्या दृष्टीने विरार ४०१ च्या फांदीवर. रेल्वेच्या दृष्टीने ते चर्चगेटहून निघणाऱ्या मार्गावरील एक स्थानक. स्थळ एक, पण ते एकाच वेळी चार झाडांचे पान आहे. प्रत्येक गाठीस एकच पालक असावा हा नियम येथे मोडत नाही. कारण तो नियम एका झाडापुरता आहे. ज्या कारागिराने हे चारही वृक्ष एकाच तक्त्यात, एकाच ‘पालक’ रकान्यात दडपण्याचा यत्न केला, त्याचा तक्ता पहिल्याच वर्षी निरुपयोगी होतो. प्रत्येक वृक्षास त्याचा त्याचा तक्ता द्यावा, आणि स्थळाचा क्रमांक तेवढा सर्वत्र सारखा ठेवावा, हे बरे.

मांडणी झाली, आता प्रश्नाकडे वळू. डेटाबेसला विचारावयाच्या प्रश्नास इंग्रजीत क्वेरी म्हणतात, आणि हाच शब्द आता मराठी कारागिरांच्याही तोंडी रुळला आहे. १९७४ साली डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी कॉड यांच्या तक्त्यांसाठी प्रश्नांची एक भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने जगभर पसरली. या भाषेतील प्रश्न मराठीत मांडला तर असा दिसेल : ‘सातबारा या तक्त्यातून खातेदार आणि क्षेत्र हे रकाने दे, परंतु ज्या ओळींत गाव विरार आणि सर्व्हे नंबर ४५ आहे, तेवढ्याच ओळी दे.’ यात काय हवे ते सांगितले आहे. कसे शोधावे ते सांगितलेले नाही. कोणते कपाट आधी उघडावे, कोणते गाठोडे सोडावे, ही चिंता यंत्रणेची. चांगल्या कारकुनास साहेब जसा फक्त कागदाचे नाव सांगतो, तसेच हे.

या वाक्यातील ‘परंतु’ नंतरचा भाग सर्वांत मोलाचा. त्यास अट म्हणावे. माहिती नुसती वाचावयाची असेल आणि अट विसरली, तर फार तर अडीच कोटी ओळी अंगावर येतील आणि यंत्र दमेल. पण माहिती बदलावयाची असेल, आणि ‘खातेदाराचे नाव अमुक कर’ एवढे लिहून पुढची अट विसरली, तर यंत्रणा मुकाट्याने सगळ्या ओळींतील नावे बदलून टाकते. तिला शंका येत नाही, ती ‘साहेब, सगळ्यांचीच का?’ असे विचारीत नाही. म्हणून जाणते कारागीर बदलाचा हुकूम देण्यापूर्वी तीच अट घालून आधी वाचनाचा प्रश्न विचारतात, किती ओळी येतात त्या मोजतात, आणि मगच लेखणी चालवितात.

विचारलेला प्रश्न बरोबर असूनही उत्तर यावयास वेळ लागतो, असेही होते. याचे मर्म जुन्या तलाठ्यास पक्के ठाऊक होते. सातबारे सर्व्हे नंबराच्या क्रमाने लावलेले असतात. म्हणून ‘४५ नंबर कोणाचा?’ याचे उत्तर तो चटकन देई. पण ‘या बाईंच्या नावावर गावात कोठेकोठे जमीन आहे?’ असे विचारले तर? सर्व्हे नंबराचा क्रम येथे कामाचा नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक पान उलटावे लागेल. यासाठी दप्तरात आणखी एक नमुना असतो : आठ-अ. त्यात खातेदारांच्या क्रमाने नोंदी असतात, आणि प्रत्येक खात्यापुढे त्याच्या जमिनींचे नंबर दिलेले असतात. माहिती नवी काहीच नाही. तीच माहिती दुसऱ्या क्रमाने लावून ठेवली आहे. डेटाबेसमध्ये यालाच इंडेक्स म्हणतात. संगणक जन्मण्याच्या पुष्कळ आधी महसूल खात्याने तो हाताने लिहून ठेवला होता.

इंडेक्समुळे काम किती हलके होते, याचा हिशेब मनोरंजक आहे. अडीच कोटी नोंदी क्रमाने लावलेल्या असतील, आणि दर वेळी मधोमध उघडून ‘हवी ती नोंद अलीकडे की पलीकडे’ एवढेच पाहिले, तर प्रत्येक पावलास निम्मा ढीग बाद होतो. दोनास दोनाने २५ वेळा गुणले तर उत्तर ३ कोटींच्या वर जाते. म्हणून २५ पावलांत कोणतीही नोंद सापडते. अडीच कोटी कोठे आणि २५ कोठे! पण संगणकाच्या तबकडीवरून दर वेळी एक पान वाचून आणावयाचे, तर २५ फेऱ्याही जड वाटतात. १९७० च्या सुमारास बोइंग या विमाने बांधणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी यावर तोड काढली. त्यांनी इंडेक्सचेच एक झाड केले, आणि प्रत्येक गाठीस दोन नव्हे तर शेकडो फांद्या दिल्या. एका गाठीस १०० फांद्या असतील, तर चार पायऱ्यांत १० कोटी नोंदींपर्यंत पोहोचता येते. म्हणजे महाराष्ट्रातील कोणताही सातबारा चार फेऱ्यांत हाती येतो. या झाडास बी-ट्री म्हणतात. यातील ‘बी’ म्हणजे काय, हे त्या दोघांनी कधीच उलगडून सांगितले नाही. येथे एक गंमत आहे : खातेदारास दिसतो तो गावांचा आणि शेतांचा वृक्ष, आणि त्याला न दिसणारा, त्या खाली दडलेला हा दुसरा वृक्ष. पहिला माणसांनी आखलेल्या सीमांचा, दुसरा केवळ शोधण्याच्या सोयीचा.

इंडेक्स फुकट मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. सातबारा बदलला की आठ-अ मध्येही फेर करावा लागतो. ज्याने हौसेने दहा इंडेक्स केले, त्यास प्रत्येक बदलाच्या वेळी दहा वह्या लिहाव्या लागतात.

आता झाडाच्या प्रश्नांतील खरी अवघड जागा. ‘वसई तालुक्याच्या खाली जे जे काही आहे ते सर्व दाखव’ असा प्रश्न आला, तर तालुक्याखाली गावे, गावाखाली सर्व्हे नंबर, नंबराखाली हिस्से, इथवर ठीक. पण हिस्सेही पुन्हा फुटतात. बाप वारला, तीन मुलांत वाटणी झाली. त्यांतील एकाने आपला तुकडा विकला. त्याचेही पुढे दोन भाग झाले. किती पायऱ्या खाली जावे लागेल, हे प्रश्न विचारताना ठाऊक नसते. अशा वेळी प्रश्नच असा रचतात, की तो स्वतःलाच पुन्हा विचारतो : ‘या गाठीची मुले दे, मग त्या मुलांची मुले दे, नवी मुले मिळेनाशी झाली म्हणजे थांब.’ १९९९ साली एसक्यूएलच्या प्रमाण रूपात अशा स्वतःकडे वळणाऱ्या प्रश्नांना स्थान मिळाले; त्यापूर्वी कारागिरांना पायरी-पायरीने वेगवेगळे प्रश्न विचारावे लागत. याच ठिकाणी एक सापळा असतो. चुकून एखाद्या गाठीचा पालक म्हणून तिच्याच नातवाचा क्रमांक लिहिला गेला, तर झाडाचे चक्र होते, आणि बिचारा प्रश्न घाण्याच्या बैलासारखा फिरतच राहतो. म्हणून पालक बदलताना, नवा पालक त्याच फांदीवरचा तर नाही ना, हे आधी तपासावे लागते.

ज्या झाडात बदल क्वचित होतात आणि वाचन मात्र सतत चालते, तेथे आणखी एक युक्ती वापरतात. पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली की ती समजते. एक विभाग पान १० पासून ४० पर्यंत आहे आणि एक पाठ पान १२ पासून १८ पर्यंत. तर तो पाठ त्या विभागातील आहे, हे केवळ आकडे पाहून सांगता येते. प्रत्येक गाठीस असे दोन आकडे दिले, की संपूर्ण फांदी एकाच साध्या प्रश्नात मिळते. मात्र मध्येच नवा पाठ घातला, तर पुढची सगळी पाने पुन्हा मोजावी लागतात. रोज वाटण्या होणाऱ्या सातबाऱ्यास ही युक्ती मानवणारी नव्हे.

हे सर्व पडद्यामागचे झाले. पडद्यावर झाड दाखविण्याचीही एक कला आहे. गाठीच्या नावापुढे अधिकचे लहान चिन्ह असते. त्यावर बोट टेकले की फांदी उघडते, पुन्हा टेकले की मिटते. महाराष्ट्रात ४० हजारांहून अधिक गावे आहेत. ती सर्व एकदम पडद्यावर आणली, तर आगाशीच्या शेतकऱ्याचा साधा मोबाइल गुदमरून जाईल, आणि त्याला हवे ते गाव त्या गर्दीत दिसणारही नाही. म्हणून फांदी उघडली की तेवढ्याच फांदीची मुले मागवावीत, हा शहाणपणाचा मार्ग. पण त्यातही अतिरेक होतो. वसईची फांदी उघडली, गावांची नावे आली. आता प्रत्येक गावापुढे त्यातील खात्यांची संख्या दाखवावयाची आहे. भोळा कारागीर प्रत्येक गावासाठी डेटाबेसकडे एक निराळा प्रश्न पाठवितो. शंभर गावे असली तर शंभर फेऱ्या. शिपायाला शंभर कागद हवे आहेत असे एकदाच न सांगता, एकेक कागदासाठी रेकॉर्ड रूमच्या जिन्यावरून शंभर वेळा चढउतार करावयास लावण्यासारखे हे आहे. सर्व गावांची यादी एकदाच देऊन सर्व संख्या एकदम आणाव्यात. संकेतस्थळ मंद चालते म्हणून लोक यंत्राला दोष देतात. पुष्कळदा दोष या जिन्यावरील फेऱ्यांचा असतो.

क्रमाची एक खोडही येथेच आढळते. हिस्से १, २, ३ असे ओळीने दिसावेत अशी अपेक्षा असते, आणि पडद्यावर मात्र १, १०, ११, २ असा क्रम येतो. कारण हिस्सा नंबरात कधी अक्षरही असते, म्हणून तो रकाना शब्दांचा केलेला असतो, आणि शब्दांच्या क्रमात ‘१०’ हा ‘२’ च्या आधी येतो, जसा ‘कमळ’ हा शब्द ‘घर’ च्या आधी येतो. अंक आणि अक्षर यांसाठी दोन रकाने केले की ही खोड जाते.

परंतु मंद संकेतस्थळ किंवा चुकलेला क्रम यांपेक्षा गंभीर असे एक संकट आहे. नाव लिहिण्याच्या चौकटीत मनुष्य नावच लिहील, असे गृहीत धरणे धोक्याचे. एखादा लबाड इसम नावाच्या जागी प्रश्नाच्या भाषेतील तुकडा लिहितो. कारागिराने ते लिखाण जसेच्या तसे आपल्या वाक्यात चिकटविले, तर यंत्रणेस नाव कोठे संपले आणि हुकूम कोठे सुरू झाला हे कळत नाही. आणि ती परक्याचा हुकूमही आपलाच मानून पाळते. कोऱ्या कागदावर सही करून देण्यासारखेच हे. म्हणून प्रश्नाचे वाक्य आधी पक्के करून ठेवतात, त्यात एक रिकामी जागा सोडतात, आणि आलेले लिखाण त्या जागेत केवळ मूल्य म्हणून भरतात. तेथे काहीही लिहिलेले असो, यंत्रणा त्यास नावच समजते. हुकूम समजत नाही.

शेवटी फेरफाराची गोष्ट. विरारमधील एक जमीन विकली गेली असे समजू. दप्तरात दोन गोष्टी व्हावयास हव्यात : विकणाऱ्याच्या नावास कंस पडला पाहिजे, आणि घेणाऱ्याचे नाव चढले पाहिजे. या दोहोंच्या मध्ये वीज गेली तर? कंस पडला, पण नवे नाव चढले नाही. म्हणजे ती जमीन कोणाचीच नाही. किंवा नवे नाव चढले, कंस पडला नाही. म्हणजे एका शेताचे दोन धनी. असे होऊ नये म्हणून दोन्ही बदल एका गाठोड्यात बांधून यंत्रणेस दिले जातात. दोन्ही झाले तर झाले. एकही अडले तर दोन्ही रद्द, आणि दप्तर पूर्ववत. अशा गाठोड्यास ट्रॅन्झॅक्शन म्हणतात.

जुन्या महसुली रिवाजात आणखी एक सावधगिरी आहे, आणि ती नव्या कारागिरांनी तशीच घेतली आहे. विकणाऱ्याचे नाव खोडून नाहीसे करीत नाहीत. त्याभोवती कंस करतात, आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात. तो क्रमांक घेऊन सहाव्या नमुन्यात गेले, की नाव कोणत्या तारखेला, कोणत्या दस्तावरून बदलले हे वाचता येते. फेरफाराची नोंद झाली की संबंधितांना नोटीस जाते. हरकत घेण्यास १५ दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत कोणी हरकत घेतली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मगच सातबाऱ्यावरील जुन्या नावास कंस पडतो आणि नवे नाव चढते. त्यानंतर जो कोणी विभाग, जिल्हा, तालुका, गाव अशा पायऱ्या उतरून त्या पानापर्यंत येईल, त्यास नवे नाव दिसते, आणि कंसातील जुनेही.